लाकडी खोली आणि पगारी रजा : स्कार्बरोच्या किनाऱ्यावरून

मागच्या व्याख्यानात आपण गिरणीच्या भोंग्याबद्दल बोललो होतो. माणसाचा दिवस किती तासांचा, हे तो भोंगा कसा ठरवू लागला, ते पाहिलं. आज त्याची दुसरी बाजू पाहायची आहे. भोंगा वाजत नाही त्या दिवसांची, म्हणजे सुट्टीची.

त्यासाठी आपण जाणार आहोत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमधल्या स्कार्बरो या गावी. आज या गावाच्या आसपास सुट्टीसाठी जागा शोधायला लागलं, तर हॉटेलांच्या बरोबरीने लाकडी केबिन, लॉज, शॅले यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. एक-दोन खोल्या, पुढे छोटा ओटा, आत चहाची किटली, आणि भाडं बरेचदा आठवड्याच्या हिशेबाने. यात इतिहास कुठे आला, असं कुणी म्हणेल. पण दोन साधे प्रश्न विचारून बघू. ही खोली एवढीशी आणि लाकडाची का? आणि हिशेब आठवड्याचाच का? या दोन प्रश्नांच्या मागे गेलं की जवळजवळ तीनशे वर्षांची गोष्ट हाताला लागते.

आजचं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाटेत तपशील आले तरी धागा सुटणार नाही. समुद्राकाठी चार फळ्यांची खोली उभारणं कधीच फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्या खोलीत आठवडाभर राहण्याइतका वेळ मिळणं, आणि तोही पगार न कापता. किनाऱ्यावरच्या खोलीचा इतिहास हा म्हणून मुळात वेळेचा इतिहास आहे. कुणाकडे वेळ होता, कुणी तो मागून घेतला, आणि मिळाल्यावर घरातल्या कुणाच्या वाट्याला तो खरोखर आला.

गाव आणि झरा

स्कार्बरोचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. समुद्रात घुसलेलं एक उंच भूशिर, त्यावर बाराव्या शतकातला किल्ला, आणि भूशिराच्या दोन बाजूंना दोन उपसागर, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. किल्ल्याखाली बंदर आणि कोळ्यांची वस्ती. १२५३ मध्ये तिसऱ्या हेन्री राजाने या गावाला जत्रेची सनद दिली. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, म्हणजे सुमारे दीड महिना, इथे मोठा बाजार भरायचा आणि समुद्रापलीकडचे व्यापारीही माल घेऊन यायचे.

एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या काळात समुद्र ही कामाची जागा होती. मासे धरायचे, माल उतरवायचा, वादळात बुडालेल्यांची वाट बघायची. नुसतं बसून बघायला समुद्रावर जायचं, ही कल्पनाच नव्हती. उत्तर समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असतं, त्यात मजेसाठी कोण उतरणार?

हे बदललं ते औषधाच्या निमित्ताने. १६२६ च्या सुमारास दक्षिणेकडच्या कड्याखाली थॉमसिन फॅरर नावाच्या बाईंच्या लक्षात आलं की तिथल्या एका झऱ्याचं पाणी खडकांवर तांबूस डाग पाडतं आणि चवीला वेगळं लागतं. त्यांनी ते पाणी औषध म्हणून पिऊन पाहिलं. गावभर बातमी झाली. १६६० मध्ये डॉ. रॉबर्ट विटी यांनी या पाण्याचे गुण सांगणारं पुस्तकच छापलं, आणि पुढे समुद्रस्नानाचीही शिफारस केली. पैसेवाले आजारी लोक, आणि आजारी नसलेलेही, स्कार्बरोला येऊ लागले. इंग्लंडमध्ये खनिज पाण्याच्या झऱ्यांची गावं आणखीही होती. पण झरा आणि समुद्र एकाच ठिकाणी, हे स्कार्बरोचं भांडवल ठरलं.

चाकांवरची खोली

आता आपली लाकडी खोली येते. १७३५ मध्ये जॉन सेटरिंग्टन नावाच्या चित्रकाराने स्कार्बरोच्या वाळूचं एक चित्र कोरलं. त्यात माणसं समुद्रात पोहताना दिसतात आणि पाण्याच्या कडेला चाकांवर उभी एक लहानशी लाकडी खोली दिसते. इंग्रजीत तिला ‘बेदिंग मशीन’ म्हणत. नाव मशीन असलं तरी यंत्र वगैरे काही नाही. चार चाकं, वर फळ्यांची खोली, मागे-पुढे दार. कपडे घालून कोरड्या वाळूवरून आत शिरायचं, घोडा खोली ओढत पाण्यात नेणार, तोवर आत कपडे बदलायचे, आणि पलीकडच्या दारातून थेट समुद्रात उतरायचं. बुडी मारून द्यायला दणकट बायका किंवा पुरुष पगारी ठेवलेले असत. पुढे, अठराव्या शतकाच्या मध्याला, मार्गेट या गावच्या बेंजामिन बील यांनी खोलीच्या समुद्राकडच्या बाजूला कापडी छत्री जोडली. ती पाण्यावर खाली उतरवली की आंघोळ करणारी व्यक्ती कुणालाच दिसत नसे.

१७८९ मध्ये तिसरा जॉर्ज राजा वेमथ या गावी अशाच खोलीतून समुद्रात उतरला, आणि किनाऱ्यावर जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

या पहिल्या खोलीचं काम काय होतं, ते नीट बघू. ती राहण्यासाठी नव्हती, ती आडोशासाठी होती. समुद्र सगळ्यांचा, पण त्या समुद्रात आपल्यापुरता एक कोपरा पैसे देऊन तासाभरासाठी विकत घेता येत होता. आणि हे घेणारी माणसं कोण? जी दोन-तीन महिने कामधंद्याशिवाय गावात राहू शकत होती ती. जमीनदार, श्रीमंत व्यापारी, पेन्शनीतले अधिकारी. त्यांना ‘सुट्टी’ हा शब्दच लागू होत नाही. सुट्टी कामातून मिळते. त्यांच्याकडे मुळात रिकामा वेळ होता.

त्या काळात नोकरी करणारं माणूस समुद्रावर कसं जायचं, याचं एक उदाहरण स्कार्बरोतच आहे. ॲन ब्राँटी, तीन ब्राँटी बहिणींतली धाकटी. १८४० ते १८४५ या काळात ती यॉर्कजवळच्या रॉबिन्सन कुटुंबाकडे मुलांची शिक्षिका होती. हे कुटुंब उन्हाळ्यात स्कार्बरोला मुक्काम करायचं आणि ॲन त्यांच्याबरोबर यायची. म्हणजे मालकांची सुट्टी, हिची नोकरी. जागा फक्त बदललेली. तरीही हा समुद्र तिला इतका आवडला की ‘ॲग्नेस ग्रे’ या तिच्या कादंबरीच्या शेवटी असंच समुद्रकाठचं गाव येतं. १८४९ च्या मे महिन्यात क्षयाने खंगलेली ॲन स्वतःच्या इच्छेने स्कार्बरोला आली, आणि तीन दिवसांनी, २८ मे रोजी, तिथेच वारली. वय २९. या वेळी ती कुणाची नोकर म्हणून आली नव्हती. तिची कबर किल्ल्याजवळच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे.

रेल्वे आली, पण एका दिवसापुरती

१८४५ च्या जुलैमध्ये यॉर्क ते स्कार्बरो रेल्वे सुरू झाली. आता लीड्स, ब्रॅडफर्डसारख्या कापड-लोकरीच्या शहरांतून सकाळी निघून समुद्र बघून रात्री परत जाणं शक्य झालं. स्वस्त तिकिटांच्या खास गाड्या सुटू लागल्या. स्कार्बरो स्टेशनच्या फलाटावर आजही एक लाकडी बाक आहे, सुमारे १३९ मीटर लांबीचा. परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या थकल्या-भागल्या गर्दीची कल्पना या एका बाकावरून येते.

या गर्दीचं गावाने काय केलं? गावाचे दोन भाग पडत गेले. दक्षिणेच्या बाजूला झऱ्याकडे जाणारा एक पूल १८२७ मध्येच बांधलेला होता, आणि त्यावर टोल होता. झऱ्याच्या परिसरातल्या बागा आणि बँड यांना वेगळं प्रवेशमूल्य. रक्कम मोठी नव्हे, पण दिवसभरासाठी आलेल्या गिरणीवाल्याला पुलाच्या तोंडाशीच थांबवण्याइतकी होती. १८६७ मध्ये कड्यावर ग्रँड हॉटेल उभं राहिलं. त्याची रचना वर्षाच्या हिशेबाने केली होती, असं सांगतात: ऋतूंचे चार मनोरे, महिन्यांचे बारा मजले, आठवड्यांची ५२ धुराडी आणि दिवसांच्या ३६५ खोल्या. ज्या वूड्स लॉजिंग्ज नावाच्या इमारतीत ॲन ब्राँटी वारली, ती पाडून तिथे हे हॉटेल झालं.

गंमत बघा. हॉटेलात वर्षाच्या दिवसांएवढ्या खोल्या, आणि खाली वाळूवर आलेल्या कामगाराच्या हातात वर्षातून एखादा दिवस. १८७१ मध्ये सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला. त्यातून इंग्लंडला चार सोमवार-बिमवार म्हणाव्या अशा सुट्ट्या मिळाल्या: ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळनंतरचा दिवस. ऑगस्टचा तो सोमवार समुद्रावरच्या गर्दीचा दिवस ठरला. पण सुट्टी म्हणजे बंद. पगार मिळेलच असं नाही.

आता आठवड्याच्या प्रश्नाकडे येऊ. लँकशर आणि यॉर्कशरमधल्या गिरणीगावांत चर्चच्या जुन्या वार्षिक जत्रा होत्या. लँकशरमध्ये त्यांना ‘वेक्स’ म्हणत. जत्रेच्या दिवसांत कामगार कामावर येतच नसत. कितीही दंड केला तरी यायचे नाहीत. शेवटी मालकांनी दुसरा मार्ग काढला. सगळ्या गावच्या गिरण्या एकदम बंद करायच्या, बॉयलर साफ करायचे, यंत्रं दुरुस्त करायची, आणि मग पुन्हा चालू. हळूहळू ही बंदी आठवडाभराची झाली. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. एका आठवड्यात एक गाव अख्खं रिकामं होऊन समुद्रावर, पुढच्या आठवड्यात दुसरं. लँकशरचे लोक ब्लॅकपूलला जात, यॉर्कशरचे बरेच स्कार्बरोकडे. शनिवारी गिरणी बंद झाली की गाडी पकडायची आणि पुढच्या शनिवारी परत. आपल्या भाड्याच्या आठवड्याचा उगम इथे आहे.

पण हा आठवडा बिनपगारी होता. म्हणून गिरणीगावांत बचत मंडळं निघाली. वर्षभर दर आठवड्याला थोडे पेन्स जमा करायचे आणि जत्रेच्या आदल्या दिवशी हातात घ्यायचे. त्या पैशात तिकीट, खोलीचं भाडं, खाणं, आणि परत आल्यावर पहिल्या पगारापर्यंतचा किराणासुद्धा! सुट्टीचा खर्च दुहेरी होता: गेलेला पैसा आणि न आलेला पैसा.

राहायची सोय म्हणजे कुणा विधवेच्या किंवा कोळ्याच्या घरातली खोली. पद्धत अशी की पाहुण्यांनी बाजारातून आपलं धान्य, मटण, भाजी आणून द्यायची आणि घरमालकिणीने रांधायचं. मीठ-मिरीच्या बरण्या वापरल्याबद्दल वेगळा आकार लावणाऱ्या घरमालकिणींवर इंग्लंडमध्ये विनोदांचा ढीग आहे. आणि सकाळची न्याहारी झाली की बाहेर पडायचं, जेवणाच्या वेळेपर्यंत परत यायचं नाही, हा बऱ्याच घरांचा दंडक. पाऊस असो, वारा असो.

खोलीची चाकं निघाली

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कपडे बदलण्याच्या खोलीची गरज कमी होऊ लागली. पुरुषांनी इकडे, बायकांनी तिकडे पोहायचं, असे नियम अनेक गावांत होते. ते सैल झाले. १९०१ मध्ये बेक्सहिल या गावाने स्त्री-पुरुषांना एकत्र पोहायची अधिकृत परवानगी दिली. चाकांच्या खोल्या निकामी झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच वर ओढून वाळूच्या कडेला कायमच्या बसवल्या गेल्या. १९०९ मध्ये बोर्नमथच्या नगरपालिकेने खास बांधलेल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या आधीच स्कार्बरोच्या दक्षिण किनाऱ्यावरही कड्याखाली अशा खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दिवसभर बसायचं, स्टोव्हवर चहा करायचा, संध्याकाळी कुलूप लावून जायचं. मुक्कामाला मात्र बंदी.

मुक्कामाची केबिन आली ती दुसऱ्या वाटेने, बिनपैशाच्या माणसांच्या कल्पकतेतून. आइल ऑफ मॅन बेटावर जोसेफ कनिंगहॅम यांनी १८९४ मध्ये तरुण पुरुषांसाठी तंबूंची छावणी काढली. १९०६ मध्ये नॉरफकच्या किनाऱ्यावर, केस्टर इथे, समाजवादी विचारांच्या जॉन फ्लेचर डॉड यांनी कामगार कुटुंबांसाठी छावणी सुरू केली. आधी तंबू, मग लाकडी खोल्या. दारूला बंदी, रात्री उशिरा आवाजाला बंदी, आणि फावल्या वेळात राजकारणावर चर्चा. कुणी भंगारातले रेल्वेचे डबे किनाऱ्यावर आणून त्यातच राहू लागलं. शोरमला अशा डब्यांची वस्तीच वसली. मग रेल्वे कंपनीलाच ही युक्ती सुचली. १९३३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने जुने डबे आतून पलंग आणि स्वयंपाकघर बसवून छोट्या स्टेशनांच्या बाजूला उभे केले आणि आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्कार्बरोहून समुद्राच्या कडेकडेने व्हिटबीला जाणाऱ्या मार्गावरही असे डबे होते.

स्केगनेस, १९३६

आता स्कार्बरोहून त्याच किनाऱ्याने दक्षिणेला, लिंकनशरमधल्या स्केगनेसला येऊ. बिली बटलिन हा जत्रेतल्या खेळांच्या व्यवसायातला माणूस. जन्म केपटाउनचा, बालपण काही कॅनडात, आईचं माहेर इंग्लंडमधल्या जत्रेवाल्यांचं. स्वतःच्या आठवणींत त्याने सांगितलं आहे की वेल्समधल्या बॅरी बेटावर त्याने घरमालकिणींनी बाहेर काढलेली कुटुंबं पावसात भिजत, काय करावं न कळून हिंडताना पाहिली. या माणसांना दिवसभर आत राहता येईल अशी आपली खोली आणि पावसातही चालेल अशी करमणूक दिली तर?

स्केगनेसजवळची सलगमाची शेतं विकत घेऊन त्याने छावणी बांधली आणि ११ एप्रिल १९३६ रोजी, ईस्टरच्या शनिवारी, ती उघडली. उद्घाटनाला होती एकटीने ऑस्ट्रेलियापर्यंत विमान नेणारी एमी जॉन्सन, शेजारच्याच हल शहराची मुलगी. शॅलेत दोन पलंग, दिवा, आणि थंड पाण्याचा नळ. संडास-न्हाणी बाहेर, सामाईक. सुरुवातीचं भाडं जेवणासकट हंगामानुसार आठवड्याला ३५ शिलिंगांपासून ३ पौंडांपर्यंत. घोषवाक्याचा अर्थ होता: आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी.

घोषवाक्य जरा तपासून बघू. वीस शिलिंगांचा एक पौंड. त्या काळी पुरुष कामगाराची आठवड्याची कमाई तीन पौंडांच्या थोडी वर. म्हणजे नवरा-बायको दोघं सर्वांत स्वस्त दराने गेले तरी साडेतीन पौंड, मुलं धरली तर आणखी. शिवाय त्या आठवड्याचा पगारच नसेल तर घोषवाक्यातला पगार आणायचा कुठून? म्हणून पहिल्या वर्षांत या शॅलेंमध्ये खाणकामगार आणि गिरणीवाले कमीच दिसत. कारकून, दुकानदार, पगारी रजा असलेले नोकर, हे खरे गिऱ्हाईक. खोली तयार होती. खोलीत जाणाऱ्याची रजा अजून व्हायची होती.

१९३६ च्याच जून महिन्यात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेचा करार मंजूर केला: एक वर्ष सलग नोकरी केलेल्याला किमान सहा दिवस. इंग्लंडच्या कामगार संघटना हीच मागणी करत होत्या. सरकारने लॉर्ड ॲमुली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या शिफारशीवर १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला. कायदा तसा मवाळ होता. सक्ती नव्हती; ज्या धंद्यांत वेतन मंडळं होती त्यांना आठवड्याची पगारी रजा देण्याचा अधिकार मिळाला, बाकीच्या मालकांना नुसती शिफारस. पण कामगार संघटनांनी त्याच्या आधाराने करार करून घेतले. १९२० च्या दशकाच्या मध्याला पगारी रजा असलेले अंगमेहनतीचे कामगार सुमारे १५ लाख होते. १९३९ पर्यंत पगारी रजा मिळणाऱ्यांची संख्या १ कोटी १० लाखांच्या घरात गेली.

आणि नेमकं तेव्हा युद्ध सुरू झालं. स्केगनेसची छावणी नौदलाने घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘एचएमएस रॉयल आर्थर’. एक किस्सा नेहमी सांगितला जातो की जर्मन रेडिओने हे ‘जहाज’ बुडवल्याची घोषणा केली, आणि ती ऐकणारे नौसैनिक जमिनीवरच्या शॅलेत बसून हसत होते. स्कार्बरोपासून जवळच, फायलीला, बटलिनची आणखी एक छावणी बांधायला घेतली होती. ती हवाई दलाकडे गेली. १९४५ मध्ये ती सुट्टीवाल्यांसाठी उघडली आणि १९४७ मध्ये तिथे खास रेल्वे स्टेशन झालं. आता गिरणीवाले, खाणवाले खरोखर आले, कारण आता खोलीही होती आणि रजेचा पगारही. १९४० आणि ५० ची दशकं हा या खोल्यांचा भरभराटीचा काळ.

खोलीत कोण विसावलं?

इथे थोडं थांबू. आपण ‘कामगाराला सुट्टी मिळाली’ असं सहज म्हणतो. कामगाराच्या बायकोचं काय? घरमालकिणीकडच्या पद्धतीत सकाळी बाजारहाट कुणी करायची? बाईनेच. रेल्वेच्या डब्यात किंवा भाड्याच्या केबिनमध्ये स्टोव्ह पेटवायचा कुणी? बाईनेच. मुलांचे वाळूने भरलेले कपडे समुद्रावरही धुवावेच लागतात. तिच्या दृष्टीने सुट्टी म्हणजे तेच घरकाम, भांडी अपुरी आणि पाणी लांब.

बटलिनच्या छावणीने तिला जे दिलं त्याकडे हसून बघणाऱ्यांचं बरेचदा लक्ष जात नाही. तिन्ही वेळा मोठ्या जेवणघरात वाढून मिळणार. भांडी दुसरं कुणी घासणार. दिवसा मुलांना सांभाळणारे लोक. रात्री नाचाच्या दालनात गेलेल्या आईबापांसाठी शॅलेंच्या ओळींतून गस्त घालणाऱ्या बायका, आणि कुठे बाळ रडत असलं की दालनात त्या शॅलेचा नंबर झळकायचा. लाल कोटातल्या मंडळींनी सकाळी लाउडस्पीकरवरून उठवणं, सगळ्यांना खेळायला लावणं, याची टिंगल लेखकांनी भरपूर केली, ती वाचायला मजाही येते. पण आयुष्यात पहिल्यांदा सात दिवस चुलीपुढे न उभ्या राहिलेल्या बाईला तो लाउडस्पीकर कसा ऐकू येत असेल, हा प्रश्न त्या टिंगलीत कुणी फारसा विचारला नाही.

अर्थात ते जेवण रांधणाऱ्या, गाद्या घालणाऱ्याही बहुतेक बायकाच होत्या, हंगामी पगारावर. एकीची सुट्टी दुसरीच्या कामावर उभी होती. ॲन ब्राँटीची गोष्ट अजून संपलेली नव्हती.

मुंबईच्या गिरण्या

या इतिहासाला आपल्या बाजूचा एक खरा दुवा आहे. लँकशरच्या गिरण्या आणि मुंबईच्या गिरण्या एकाच धंद्यात, एकाच बाजारात होत्या, आणि सुट्टीचा प्रश्नही दोन्हीकडे तोच होता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हा झाला आठवड्यातला एक दिवस. वर्षातली रजा मात्र बिनपगारीच राहिली. शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात कोकणात जाणारा गिरणी कामगार त्या दिवसांचं पाणी पगारावर सोडून जायचा, आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. ब्रॅडफर्डचा माणूस समुद्रावर जायला पैसे साठवायचा, मुंबईचा माणूस आपल्या गावी जायला. दोघांचीही किंमत न मिळालेल्या पगारात मोजली जात होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखातं सांभाळत असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४५ मध्ये पगारी रजा कायद्यात आली: वर्षभराच्या नोकरीनंतर प्रौढ कामगाराला दहा दिवस. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस, हे प्रमाण घातलं. कालक्रम पाहा. इंग्लंडचा कायदा १९३८ चा, आपला १९४५ चा. अंतर फक्त सात वर्षांचं. पण तो लागू होता कारखान्याला. शेतावर, बांधकामावर, घरकामाला असलेल्यांना तो लागू नव्हता.

पुढे काय झालं

मे १९५० मध्ये व्लादिमिर राइट्झ यांनी लंडनहून कॉर्सिका बेटावर विमानाने पहिली सहल नेली: प्रवास, मुक्काम, जेवण, सगळं एकाच रकमेत. वीसेक वर्षांत स्पेनचं ऊन इंग्लिश कामगाराच्या आवाक्यात आलं, आणि उत्तर समुद्राच्या काठच्या शॅले रिकाम्या होऊ लागल्या. गिरण्याही बंद पडत गेल्या. गिरण्याच नाहीत तर वेक्सचा आठवडा कुठला? फायलीची छावणी १९८३ मध्ये बंद झाली. स्केगनेसची अजून चालू आहे, आणि तिथली एक मूळ शॅले संरक्षित वास्तू म्हणून जपली आहे. दोन पलंगांची ती लहानशी खोली आज किल्ल्यांच्या आणि चर्चच्या सरकारी यादीत आहे, हे आम्हाला फार योग्य वाटतं.

दुसऱ्या टोकाला दक्षिण इंग्लंडमधल्या मडफर्डच्या वाळूवर अशीच लाकडी खोली तीन लाख पौंडांच्या वर विकली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. आत नळाचं पाणी नाही, संडास सामाईक. म्हणजे गरिबाच्या गरजेतून वाढलेली वस्तू पुन्हा पैसेवाल्याच्या हौसेची झाली.

आणि वेळेचं काय? ऐकून आश्चर्य वाटेल, पण ब्रिटनमध्ये जवळजवळ सर्व कामगारांना पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला तो १९९८ मध्ये, कामाच्या वेळेच्या नियमांमुळे. आज तो वर्षाला ५.६ आठवडे आहे. पण ‘कामगार’ कुणाला म्हणायचं, हा वाद लगेच सुरू झाला. उबर कंपनीचं म्हणणं होतं की चालक हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं आणि चालकांना कामगार मानलं. त्या निकालाने चालकांना मिळालेल्या गोष्टींत किमान वेतन होतं, आणि पगारी रजाही होती. १९३८ ची मागणी, शब्द तेच.

तेव्हा स्कार्बरोजवळची एखादी केबिन आठवड्यासाठी घेणाऱ्याने दाराशी उभं राहून दोन माणसं आठवावीत. एक, वर्षभर पेन्स साठवून इथे येणारी गिरणीतली बाई, जिच्यामुळे भाड्याचा हिशेब आठवड्याचा झाला. आणि दुसरी, आज सकाळी आधीचे पाहुणे गेल्यापासून पुढचे पाहुणे येईपर्यंतच्या काही तासांत ही खोली झाडून, चादरी बदलून गेलेली. तिला यंदा किती दिवस रजा आहे, आणि ती पगारी आहे का, हे विचारलं तर आजचं व्याख्यान तिथून पुढे सुरू होईल. आपल्याकडच्या घरकाम करणाऱ्या आणि दारात जेवणाचं पाकीट आणून देणाऱ्या माणसांबद्दलही हाच प्रश्न आहे, आणि पुढच्या व्याख्यानात आपण तोच घेणार आहोत.

आता प्रश्नांसाठी वेळ आहे.